मदत हवी आहे: मोबाईल आडवा केल्यावर स्क्रीनची रुंदी जुनीच मिळते

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. कोटलिन भाषा, साधे व्ह्यूज (स्क्रीनवरचे घटक), कंपोज (स्क्रीन बांधायची नवी पद्धत) नाही. किमान एपीआय 24 (अँड्रॉइड 7). सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या भावाच्या तक्त्याचे रकाने रुंदी मोजून आखतो. वजनकाट्याचं ब्लूटूथ तुटू नये म्हणून मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) कॉन्फिगचेंजेसला ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइज दोन्ही दिलेत, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची स्क्रीन) फोन फिरवला तरी नव्याने बनत नाही. ती पद्धत बदलता येणार नाही.

फोन फिरला की जे फंक्शन चालतं, त्या ऑनकॉन्फिगरेशनचेंज्डमध्ये व्ह्यूची रुंदी 1080 पिक्सेलच येते, म्हणजे उभ्याचीच. तेव्हा लेआउट (घटकांची नवी मांडणी) झालेलं नसतं, हे कळतं. जेटपॅक या अँड्रॉइड लायब्ररीचा विंडोमेट्रिक्स कॅल्क्युलेटर 2400 बरोबर देतो, पण त्यात नेव्हिगेशन बार आणि कॅमेऱ्याची खाच धरलेली असते. ती वजा करावी तर इनसेट्स (बार आणि खाचेने कडेला व्यापलेल्या जागेची मापं) त्या क्षणी उभ्याचेच मिळतात, आणि ‘भाव’चा शेवटचा रकाना खाचेखाली अर्धा दबतो. भावच दिसला नाही तर तक्ता काय कामाचा!

200 मिलिसेकंद थांबून पाहिलं; जुन्या फोनवर तेवढा वेळ पुरत नाही, आणि आकडा वाढवत नेणं मला पटत नाही.

नवी रुंदी आणि नवे इनसेट्स दोन्ही हमखास एकत्र हाती येतात ती जागा कोणती: इनसेट्स लिसनर की लेआउटचेंज लिसनर? आणि स्प्लिट स्क्रीनमध्येही तीच चालेल का?