अनुभव धागा: काल्पनिक जग लिहिताना नेटवर तुम्हाला काय सापडलं?

मंडळी, फँटसी लिहिणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय, वाचणाऱ्यांनीही यावं. आपण जादू, राक्षस, तरंगती शहरं असलं सगळं लिहितो पण त्यासाठी नेटवर तासन्‌तास जे शोधत बसतो ते किती साधं असतं बघा, घोडा दिवसात किती चालतो, काडेपेटीच्या आधी विस्तव कसा जपायचे, सूत कातायला किती वेळ लागतो. आणि मला मनापासून वाटतं की कथा ह्या साध्या माहितीतूनच पुढे सरकते. तर असं काही सापडलं आणि त्याने कथेला नवीन वाट मिळाली असा अनुभव असेल तर इथे लिहा, कितीही मोठा चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. मला चंद्र सापडला! एक चोर मध्यरात्री तटबंदीवर चढतो असा प्रसंग लिहायचा होता आणि चांदणं किती असेल एवढंच बघायला गेले. तर पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो, मग रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवत जातो, वद्य अष्टमीला थेट मध्यरात्रीच्या आसपास. शुद्ध अष्टमीला बरोबर उलटं, अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. मग मी माझ्या चोराला शुद्ध अष्टमी दिली. तो तटाखाली सावलीत बसून चंद्र बुडायची वाट बघतो, पहारेकऱ्यालाही हे माहीत आहे आणि तोही त्याच क्षणाची वाट बघतोय. अख्खं प्रकरण त्या वाट बघण्यावर उभं राहिलं.

पुढे हौसेने त्या जगाला दुसरा चंद्र दिला. एकाचं चक्र तीस दिवसांचं, दुसऱ्याचं वीस, म्हणजे दोन्ही पौर्णिमा एकदा जुळल्या की दर साठ दिवसांनी पुन्हा एकत्र येणार. त्या दिवशी दोन्ही चंद्रांची ओढ एका रेषेत, म्हणजे प्रचंड भरती. बंदरातली खालची वस्ती दर साठ दिवसांनी पाण्यात जाते, लोक आदल्या दिवशी सामान डोक्यावर घेऊन वरच्या वस्तीत पाहुणे म्हणून राहायला जातात आणि लग्नंही तिथेच जमतात. हे सगळं मी ठरवलेलं नव्हतं, भरती-ओहोटीबद्दल वाचता वाचता येत गेलं.

०००

ताई, धागा आवडला. माझं घोड्यांबद्दल. घोडा नुसता चालला तर ताशी सहा-सात किलोमीटर, दुडक्या चालीत बारा-पंधरा, आणि चौखूर उधळला की चाळीसच्या वर पण तो वेग थोडेच किलोमीटर टिकतो. अमेरिकेत १८६०-६१ मध्ये पोनी एक्सप्रेस नावाची टपाल सेवा होती, सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर साधारण दहा दिवसांत, कारण दर पंधरा-वीस किलोमीटरवर ठाणं आणि तिथे ताजा घोडा तयार. हे वाचल्यावर माझ्या राजाच्या बातम्या नेणाऱ्या जासूदापेक्षा मला त्या ठाण्यावरची बाई जास्त दिसायला लागली, जी रात्री-अपरात्री टापा ऐकून उठते, खोगीर बदलून देते आणि प्रत्येक बातमी राजाच्या आधी तिच्या दारावरून जाते. आता कादंबरी तिचीच आहे.

०००

वरच्या जासूदाला जोड म्हणून टेहळणी बुरुज. तीस मीटर उंचावरून क्षितिज साधारण वीस किलोमीटरवर दिसतं आणि पायी चालणारं सैन्य दिवसाला साधारण तेवढंच चालतं. म्हणजे शत्रू दिसला की हातात एक दिवस. तेवढ्याच उंचीचे दोन बुरुज एकमेकांना चाळीसेक किलोमीटरवरून दिसू शकतात, मध्ये डोंगर नको फक्त, की जाळ करून खबर पुढे.

०००

मी वयाने मोठा आहे, नातवंडांसाठी गोष्टी लिहितो. राक्षसाचा जीव पोपटात असतो ही गोष्ट लहानपणी ऐकलेली, ती आपलीच असं धरून चाललो होतो. नेटवर शोधताना स्टिथ थॉम्प्सन ह्या अभ्यासकाची लोककथांमधल्या कल्पनांची सूची मिळाली, १९३२ ते ३६ मध्ये सहा खंडांत आलेली, आणि त्यात शरीराबाहेर ठेवलेला जीव ह्या कल्पनेला चक्क क्रमांक आहे, ई ७१०. रशियन कथांमधला कोश्चेई आपलं मरण सुईच्या टोकात ठेवतो, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत. किती दूरदूरच्या लोकांनी हाच विचार केला की जीव जपायचा तर स्वतःपाशी ठेवू नये! मला ते वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मग प्रश्न पडला की पोपटाचं काय? त्याला माहीत असतं का की आपल्या आत दुसऱ्याचा जीव आहे, राक्षस झोपला की त्याला ते जाणवतं का, आणि राजपुत्र पिंजऱ्याशी येतो तेव्हा तो ओरडून सावध करेल की गप्प बसेल? सध्या पोपटाच्या तोंडून लिहितोय. नातीचं म्हणणं पोपट मरता कामा नये, त्यामुळे जीव काढून दुसरीकडे ठेवायची सोय शोधणं चालू आहे.

०००

काका, पोपटाची गोष्ट पूर्ण झाली की नक्की टाका!! माझा अनुभव सुताचा. कापड विणायला वेळ लागतो हे माहीत होतं पण खरा वेळ कातण्यात जातो, चरखा यायच्या आधी एका विणकराला पुरेल इतकं सूत द्यायला अनेक जणी लागायच्या. टकळीवर कातणाऱ्या बायकांचे व्हिडिओ बघितले, चालता चालता, गप्पा मारता मारता हात चालूच. मग मी पण टकळी आणि पेळू मागवले. आता संध्याकाळी कातते, त्या वेळात डोकं मोकळं होतं आणि संवाद आपोआप सुचतात. माझ्या कथेत मंत्र असे सुतातच कातले जातात, एका झग्याला अख्ख्या गावाचा हिवाळा लागतो, त्यामुळे जादूगाराला झगा सहज फाडता येत नाही, गावाला तोंड दाखवायचं असतं.

०००

मांजरप्रेमींसाठी. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराच्या दफ्तरखान्यात पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखिताच्या पानांवर मांजराच्या शाईत बुडालेल्या पंजांचे ठसे आहेत, २०११ मध्ये एका संशोधकाने फोटो काढला आणि तो जगभर गेला. माझ्या कथेतल्या पवित्र ग्रंथात आता असे चार ठसे आहेत आणि दोन पंथ पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा अर्थ लावतायत. त्यांची श्रद्धा मला खरीच लिहायचीय, दोन्ही बाजूंनी.

०००

माहिती नाही पण लिहिण्याच्या सवयीबद्दल लिहिलं तर चालेल ना? १९९९ मध्ये सुरू झालेला नोव्हेंबरात पन्नास हजार शब्द लिहायचा उपक्रम बऱ्याच जणांना माहीत असेल, तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली पण मागचं न खोडता रोज पुढे लिहायचं ही सवय मला तिथून लागली. दिवसाला १६६७ शब्द येतात हिशोबाने, मूल लहान असताना ते शक्य नाही, मी तीनशेवर खूश असते. आणि दुसरं, लिहिलेलं फोनकडून मोठ्याने वाचून घेते. तो आवाज भावना घालत नाही, म्हणून सलग चार वाक्यं 'होता'वर संपली की लगेच कानाला टोचतं. मूल झोपलं की इअरफोन लावून भांडी घासताना अख्खं प्रकरण ऐकून होतं, दुरुस्त्या तशाच बोलून रेकॉर्ड करायच्या. फक्त मी बनवलेली नावं तो फोन फार विचित्र उच्चारतो, त्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा.