प्रायश्चित्तकाळात घरच्या गटात ‘ख्रिस्तपुराण’ कसं वाचावं?

निर्मळकाठ
राखेच्या बुधवारनंतर (ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ तेव्हा सुरू होतो) आमच्या वाडीत आठ-दहा जणांचा गट दर शुक्रवारी तासभर जमणार आहे. क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) चर्चमध्ये होतेच, म्हणून घरी गोव्यातले इंग्लिश मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली बायबलची कथा, वाचायचा विचार आहे. गटात शाळकरी मुलं आहेत आणि सत्तरीच्या बायाही. कोणती आवृत्ती घ्यावी, किती वाचावं आणि चारशे वर्षांपूर्वीची मराठी झेपेल कशी? आणखी एक: पुस्तक पोर्तुगीज अमलातलं आहे, त्यामुळे धर्मांतराचा विषय निघणारच. तो बैठकीत घ्यावा की बाजूला ठेवावा?

जुनी पोथी
आधी आवाका बघा. पुस्तकाचे दोन भाग आहेत: पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं (अध्यायाला तिथे अवस्वर म्हणतात), दुसरं ५९ अवस्वरांचं, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत रविवार धरून ४६ दिवस होतात. सगळं संपवायचं तर रोज जवळजवळ २४० ओव्या येतात. एका ओवीला बारा सेकंद धरले तरी रोजचे पाऊण तासाहून जास्त. घरचा गट एवढं ओढू शकत नाही. दुसऱ्या आठवड्यात चार जण मागे पडतात, त्यांना वाटतं आता गाठता येणार नाही, आणि ते यायचेच थांबतात.

म्हणून निवडून वाचा. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी तुम्हाला सहा शुक्रवार मिळतात. दर बैठकीला १०० ओव्या, म्हणजे एकूण ६००. पहिल्या बैठकीत पहिल्या पुराणातला आदाम-एवेचा भाग घ्या, कारण तारणारा का हवा हा प्रश्न तिथे उभा राहतो. उरलेल्या पाच बैठका दुसऱ्या पुराणातल्या येशूच्या दुःखसहनाला द्या: शेवटचं भोजन, बागेतली प्रार्थना, चौकशी, क्रूस वाहणं, मरण. अवस्वर लांबीला सारखे नाहीत, तेव्हा ‘आज दोन अवस्वर’ असं न ठरवता ओव्या मोजून खुणा करून ठेवा.

तासाची वाटणी: २० मिनिटं वाचन, १५ मिनिटं अर्थ, १५ मिनिटं तोच प्रसंग शुभवर्तमानातून (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातून), १० मिनिटं शांतता आणि प्रार्थना. शुभवर्तमान वगळू नका. स्टीफन्स कवी आहेत, प्रसंग फुलवतात. मूळ वचन काय आणि कवीने रंगवलेलं काय, हे मुलांना शेजारी ठेवल्यावरच कळतं.

आवृत्तीबद्दल: पुस्तक १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ ची मंगळूरची सालढाणा आवृत्ती रोमन लिपीतच आहे. अभ्यासाला उत्तम, बैठकीला त्रासाची. तिच्यात ‘एक्स’ अक्षर श-कारासाठी येतं आणि ट, ड, ळ यांसाठी अक्षर दुहेरी लिहिलेलं असतं. सवय नसली की वाचणारा प्रत्येक ओळीला अडखळतो. देवनागरीत बंडेलू यांची १९५६ ची पुण्याची आवृत्ती आहे, पण गटासाठी नेल्सन फाल्कांव यांची २००९ ची घ्या. तिच्यात आजच्या मराठी गद्यात अर्थही आहे, आणि आयांसाठी तोच कामाला येईल. पुस्तक एकच मिळालं तर निवडलेल्या ओव्या १६ पॉइंटच्या टाइपात काढा, पानाला दहा-बारा. त्यापेक्षा बारीक अक्षर संध्याकाळच्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही.

चौथा चरण
१०० ओव्या बरोबर, पण नुसत्या वाचू नका, म्हणा. हे पुराण म्हणण्यासाठीच रचलं आहे. पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना गाता-ऐकता येईल असं काही हवं होतं, त्यातून ते झालं.

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. नवखा वाचक तिसऱ्या चरणानंतर धाप घेतो आणि चौथा गिळून टाकतो. नेमका तिथेच बऱ्याचदा वाक्याचा अर्थ पुरा होतो! उपाय सोपा: एकाने तीन चरण म्हणावे, चौथा सगळ्यांनी मिळून. मुलांनाही करायला काम मिळतं. वेगळी चाल बसवत बसू नका. ज्ञानेश्वरी ज्या साध्या ओवी-चालीत म्हणतात ती चालते. पेटी असली तर फक्त सूर धरा.

भाषेला घाबरायचं कारण नाही. श-च्या जागी स येतो: परमेस्वर, विस्व. शब्दाच्या शेवटी उ लागतो: करुनु, म्हणउनु. ‘सि’ म्हणजे ‘ला’. कोकणी शब्द मुद्दाम घातले आहेत, कारण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही असं स्टीफन्स प्रस्तावनेतच सांगतात: उतर म्हणजे शब्द, भितर म्हणजे आत. काही पोर्तुगीजही आहेत, जसा आंजु म्हणजे देवदूत. दर बैठकीला असे पंधरा शब्द एका कागदावर लिहून भिंतीला लावा. वाचताना शब्द ‘सुधारून’ आजचे करू नका, मात्रा आणि यमक दोन्ही मोडतात.

सासष्टीकर
धर्मांतराचा विषय बाजूला ठेवू नका. तो टाळून हे पुस्तक प्रामाणिकपणे वाचताच येत नाही. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य सासष्टीत (दक्षिण गोव्यातल्या, मुंबईजवळच्या नव्हे) राहिले. त्याच सासष्टीत देवळं पाडली गेली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच जेजुइट (स्टीफन्स यांच्याच येशूसंघाचे मिशनरी) मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्या पाच जणांचे मृतदेह मिळवण्यात स्टीफन्स होते. म्हणजे इतक्या मायेने मराठीची थोरवी गाणारा हा कवी त्या सत्तेच्या छायेतच वावरत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि श्रद्धावंतांनी दोन्ही उच्चारल्या पाहिजेत.

हेही सांगा की १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं फर्मान काढलं. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या अशा ओव्यांवर त्याची सावली पडणारच होती.

फक्त हा विषय पहिल्या बैठकीत काढू नका. लोक अजून ओवीत रुळलेले नसतात, सगळा तास वादात जातो. तिसऱ्या किंवा चौथ्या शुक्रवारी वाचन आणि प्रार्थना आटोपल्यावर वेगळी वीस मिनिटं ठेवा. वर्ष, गाव, काय घडलं एवढंच आधी एकाने वाचून दाखवावं, मग बोलणं. आजच्या पक्षांची नावं आली की सूत्रधाराने विषय पुन्हा १५८३ वर आणावा.

निर्मळकाठ
मनापासून आभार. तीन चरण एकाने आणि चौथा सगळ्यांनी, हे पक्कं. दहा वर्षांखालच्या मुलांना १०० ओव्या जड जातील का?

जुनी पोथी
जातील. त्यांना पहिल्या ३० ओव्यांपर्यंत बसवा. पुढे शेजारच्या खोलीत कुणीतरी ‘ख्रिस्तायन’ या काव्यातला तोच प्रसंग वाचून दाखवावा. ना. वा. टिळकांनी ते सुरू केलं, त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेलं आणि १९३८ मध्ये ते छापून आलं. तेही ओवीतच आहे, पण भाषा विसाव्या शतकातली, म्हणून मुलांना अर्थ सांगावा लागत नाही. उत्तम शुक्रवारी मात्र बैठक ठेवू नका. दुपारी तीनची उपासना लांबते, आणि लोक उपाशी असतात.