रक्ताच्या मूलपेशींवर पीएचडी करावी का?

मधुरा_एम
नमस्कार. मी पुण्यात बायोटेकमध्ये एमएस्सी करते आहे, शेवटचं वर्ष. धाकट्या भावाला अप्लास्टिक अॅनिमिया (मज्जेत रक्त तयार होणंच थांबतं तो आजार) झाला होता. त्याचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, डोनर मीच. माझ्या त्या पिशवीभर पेशींनी त्याच्या अंगात जाऊन नेमकं काय केलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आता जेआरएफ (पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती) मिळाली आहे. पण एक सिनियर म्हणाले, "उंदरांतल्या ट्रान्सप्लांटचं काम घेऊ नकोस, वर्षं जातात." घरचेही विचारतात, किती वर्षं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

शुभदा
मधुरा, माझी पीएचडी याच पेशींवर, पोस्टडॉक टोरांटोला. वर्षं जातात हे खरं आहे. का जातात ते आधी समजून घे.

ही पेशी नुसती बघून ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती साध्या लिम्फोसाइटसारखीच दिसते. तिनं नवं रक्त उभं केलं आणि टिकवलं, तरच ती मूलपेशी. म्हणून उंदराच्या मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं कापायची, बारीक सुईनं आत बफर (क्षारांचं द्रावण) सोडायचा (मज्जा लालसर दोऱ्यासारखी सरकन बाहेर येते), अँटिबॉडी लावून सॉर्टर या यंत्रावर हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या आणि किरणोत्सर्ग दिलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचायच्या. मग थांबायचं, किमान १६ आठवडे. चौथ्या आठवड्यात दिसणारं रक्त बहुतांशी अल्पायुषी पूर्वजपेशींचं असतं, त्यावर हुरळून जायचं नाही. पुढं त्याच उंदराची मज्जा दुसऱ्या उंदरात घालायची आणि पुन्हा तितकंच थांबायचं.

या शास्त्राची सुरुवातच टोरांटोची. जेम्स टिल भौतिकशास्त्राकडून आलेले, अर्नेस्ट मॅककलक डॉक्टर. मज्जा टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेवर मॅककलकना गाठी दिसल्या. जितकी जास्त मज्जा टोचलेली तितक्या जास्त गाठी, आलेख सरळ रेषेत. हे १९६१ साली छापून आलं. पण एक गाठ म्हणजे एकाच पेशीची संतती, हे दाखवायचं राहिलं होतं. ते केलं अँड्र्यू बेकर या विद्यार्थ्यानं. किरणांनी पेशींच्या गुणसूत्रांवर वेगवेगळ्या खुणा पाडल्या, तर एका गाठीत सगळीकडे तीच खूण! १९६३ सालचा हा पेपर मुळातून वाच. मला तर टिल-मॅककलकपेक्षाही बेकरचं काम जास्त भावतं. पुढं १९८२ मध्ये कळलं, की आठव्या दिवशी दिसणाऱ्या बऱ्याच गाठी नंतर विरून जातात. त्या खऱ्या मूलपेशींच्या नव्हत्याच. १६ आठवडे थांबतात ते म्हणूनच.

लॅबला जाशील तेव्हा विचार: अॅनिमल हाऊस स्वतःचं आहे का, एथिक्सची परवानगी हातात आहे का, सॉर्टर किती वेळा मिळतो, इरॅडिएटर (उंदरांना किरणोत्सर्ग देणारं यंत्र) चालू आहे का. आणि गाइडकडून एक लवकर उत्तर देणारा प्रश्नही मागून घे. मिथाइलसेल्युलोज या जेलीसारख्या माध्यमात वाढवलेल्या पेशींच्या कॉलनी दोन आठवड्यांत मोजता येतात. उंदरांची वाट बघताना हातात काही असलं, की धीर राहतो.

डॉ_विनायक
मी रक्तविकारतज्ज्ञ. मधुरा, तुझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर देतो. अप्लास्टिक अॅनिमियात बहुतेक वेळा रुग्णाच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) मूलपेशींचा नाश करतात. म्हणून आधी औषधांनी त्या दडपायच्या, मग डोनरच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडायच्या. हाडात त्या आपल्या आपण पोचतात. मज्जेतून सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन स्रवतं, मूलपेशीवर ते ओळखणारा रिसेप्टर असतो, त्या ओढीनं त्या आत शिरतात. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ साली भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. भाऊ आता कसा आहे?

फळमाशी
उंदीरच हवेत असं नाही. बंगळुरूला मनीषा इनामदार यांच्या गटानं फळमाशीच्या रक्तपेशींवर उत्तम काम केलंय. माशीची पिढी १०-१२ दिवसांत तयार होते.

मधुरा_एम
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, भाऊ छान आहे, कॉलेजला जातो. त्याचा रक्तगट ओ होता, आता माझ्यासारखा बी झालाय! शुभदाताई, मंगळवारी एका लॅबला जाते आहे. इरॅडिएटर त्यांच्याकडे नाही, एवढं कळलंय. मग विचार सोडून द्यावा का?

शुभदा
मुळीच नको. बुसल्फान हे औषध देऊनही मज्जा रिकामी करता येते. ते करतात का आणि त्यात किती उंदीर जगतात, ते विचार. प्रश्न गाइडला नको, रोज उंदरांपाशी असतो त्या विद्यार्थ्याला विचार.