गरुडाचे तिकीट आणि पाकिटावरचा शिक्का

अमेरिकेचे निळ्या गरुडाचे एक सेंटचे कॅरिअर तिकीट (म्हणजे टपालवाल्याच्या फेरीच्या शुल्काचे तिकीट) हाती आले, तर ते १८५१चे अस्सल मानावे काय, असा प्रश्न पडतो. मूळ तिकिटांना छिद्रांची कडा नव्हती. ती दिसल्यास १८७५चे सरकारी पुनर्मुद्रण समजावे. कडा साधी असली तरी निर्धास्त राहू नये, कारण पुनर्मुद्रणे बिनछिद्रांचीही निघाली. मला सुट्या तिकिटापेक्षा पाकीट अधिक बोलके वाटते. तीन सेंटच्या टपाल तिकिटाशेजारी हे असेल, तर ते शहरातल्या टपालवाल्याच्या फेरीचे वेगळे शुल्क होय, जे १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांतल्या मोफत घरपोच सेवेमुळे संपले. मात्र शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली आहे ना, हे भिंगाखाली पाहावे. कोरे तिकीट जुन्या पाकिटावर डकवण्याची लबाडी नवी नाही.