नामवंत कथाकाराचे संपादकांना लिहिलेले पत्र : काळ कसा ठरवावा, आणि ते छापता येईल का?

प्रश्न

माझे आजोबा एका वाङ्मयीन मासिकाचे संपादक होते. त्यांच्या कागदपत्रांत एका नामवंत, आज हयात नसलेल्या कथाकाराचे शाईच्या पेनाने लिहिलेले चार पानी पत्र मिळाले आहे. कथेचा शेवट बदलावा अशी सूचना आजोबांनी केली असावी. लेखकाने ती सविस्तर कारणे देऊन नाकारली आहे, मात्र मधला एक परिच्छेद गाळायला संमती दिली आहे. पत्रावर नुसते ‘ता. १४’ आहे, महिना व वर्ष नाही. पाकीट आहे, परंतु टपालाचा शिक्का वाचता येत नाही. हे पत्र दिवाळी अंकात छापावे असे घरातील काहींचे मत आहे. त्याचा काळ ठरवता येईल का, आणि छापण्याचा अधिकार आमच्याकडे आहे का?

प्रतिसाद १ : जुन्या मासिकांचा अभ्यासक

पाकीट जपून ठेवलेत हे फार चांगले झाले, कारण अशा वेळी पत्रापेक्षा पाकीटच अधिक बोलते. तिकिटावरची किंमत पाहा. आण्यांच्या जागी दशमान नाणी (रुपयाचे शंभर ‘नये पैसे’) १ एप्रिल १९५७ पासून आली आणि ‘नये पैसे’ मधील ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून वगळला गेला. जुनी तिकिटे पुढेही काही काळ वापरली जात, त्यामुळे तिकिटावरून पत्र ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच खात्रीने सांगता येते. पत्त्यावर पिनकोड असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे; तो नसणे मात्र पुरावा नव्हे, कारण अनेकजण पुढेही जुन्या सवयीने पत्ता लिहीत राहिले.

शुद्धलेखनाचाही आधार घेता येतो. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित (लिहिले जाणारे, पण न उच्चारले जाणारे) अनुस्वार गेले. जुन्या वळणाच्या लेखकांनी ते नंतरही सोडले नाहीत, त्यामुळे ‘मीं पाहिलें’ असे लिहिलेले पत्र त्याआधीचेच असेल असे म्हणता येणार नाही. अक्षराची तुलना करायची झाल्यास त्याच दशकातील पत्रांशी करावी. तरुणपणीचे आणि उतारवयातील अक्षर क्वचितच सारखे असते.

या सर्वांहून भक्कम आधार आपल्याच प्रश्नात आहे. ती कथा मासिकात कोणत्या महिन्यात छापली गेली ते शोधा. छापील कथेत शेवट तोच असेल आणि तो परिच्छेद नसेल, तर पत्र त्या अंकाच्या थोडे आधीचे ठरते आणि त्याच्या अस्सलपणालाही मोठे बळ मिळते.

प्रतिसाद २ : व्यवसायाने वकील

कागद आपला आहे, मजकूर नाही. पत्र ज्याला आले, त्याच्याकडे आणि पुढे त्याच्या वारसांकडे त्या कागदाची मालकी असते. मजकुराचा कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो. इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांच्या पत्रांवरून १७४१ मध्ये झालेल्या खटल्यात हेच तत्त्व मान्य झाले होते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित साहित्याचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. लेखकाच्या हयातीत न छापलेले पत्र निधनानंतर प्रथम छापले गेले, तर ही ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणून लेखक फार पूर्वी वारले असले, तरी त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पत्र छापू नये. समीक्षेच्या ओघात एखादे वाक्य उद्धृत करणे वेगळे, आणि संपूर्ण पत्राचे छायाचित्र देणे वेगळे.

प्रतिसाद ३ : निवृत्त ग्रंथपाल

परवानगी मिळाली तरी हे पत्र एकटे छापू नये, असे मला मनापासून वाटते. लेखक ज्या सूचनेला उत्तर देत आहे ती वाचकासमोर नसेल, तर त्याचा नकार निव्वळ हट्ट वाटेल आणि संपादक ढवळाढवळ करणारे ठरतील. दोघांवरही तो अन्याय आहे. ‘सत्यकथा’ या मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेच्या बारकाव्यांची चर्चा करीत, आणि त्या काळच्या मराठी कथेच्या घडणीत अशा पत्रव्यवहाराचा वाटा मोठा आहे. आपल्या आजोबांनी पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत (स्वतःकडे ठेवलेली नक्कल) त्याच कागदपत्रांत असू शकते. ती मिळेपर्यंत कागदांचा मूळ क्रम मोडू नका.

पत्र लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. टाचणी असल्यास हलक्या हाताने काढा, कारण गंज कागद खातो. पेनाची शाई उजेडाने उडते आणि ओलाव्याने पसरते, म्हणून पत्र आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, अंधारात व कोरड्या जागी ठेवावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. तिकिटावर ‘नये पैसे’ आहे, पत्ता ‘मुंबई ४’ असा आहे आणि पिनकोड नाही. स्थळप्रतींची एक फाईल सापडली आहे, ती अद्याप वाचलेली नाही.

प्रतिसाद १ : जुन्या मासिकांचा अभ्यासक

मग १९५७ पासूनचे अंक चाळायला घ्या, आणि स्थळप्रतींत त्या कथेचे नाव आधी शोधा; संपादकांच्या पत्रावर तारीख बहुधा पूर्ण असते. फाईल उघडण्यापूर्वी पत्राची सर्व पाने आणि पाकीट दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावे.