गुलमर्गला स्कीइंगसाठी जाताना विमान की रेल्वे?

रूळप्रेमी:
‘पुण्याहून गुलमर्गला विमानाखेरीज दुसऱ्या कशानेही जाणे म्हणजे सुट्टी वाया घालवणे’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी विमानानेच निघालो होतो. श्रीनगरला बर्फ पडू लागल्याने पुढचे विमान रद्द झाले, दिल्लीत दोन रात्री काढाव्या लागल्या आणि स्की प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस बुडाले. ज्या बर्फासाठी आपण जातो, तोच बर्फ विमाने थांबवतो. 7 जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. बोगद्यांतून आणि चिनाबच्या पुलावरून ती सुमारे तीन तासांत पोहोचते, आणि समोरच्या काचेवर बर्फ गोठू नये म्हणून काच तापवण्याची सोयही तिच्यात आहे. झेलम एक्सप्रेसने पुण्याहून जम्मू गाठायला दोन रात्री लागतात, पण पोहोचण्याची खात्री असते.

हिमवेडी:
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. मला वर्षातून सलग नऊ दिवसांची रजा मिळते. जाताना दोन रात्री झेलममध्ये, मग जम्मूहून कटरा, तेथे गाडी बदलणे, श्रीनगरहून पुन्हा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता, आणि हेच सारे परतीला. स्कीवर उभे राहायला दिवस उरतात किती? शिवाय रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि लगेच भरते. जानेवारी 2024 मध्ये, ऐन चिल्लाई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते. 2025 मध्ये तर बर्फाअभावी खेलो इंडियाच्या गुलमर्गमधील हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या. बर्फ पडल्याची बातमी आल्यावर चार दिवसांत निघता येते ते केवळ विमानाने. आणि खात्रीचे म्हणाल, तर ऑगस्ट 2025 च्या पुरानंतर जम्मूकडच्या गाड्या किती दिवस बंद होत्या, ते आठवून पाहा.

रूळप्रेमी:
पूर पावसाळ्यात आला होता, स्कीइंग हिवाळ्यात होते. चार दिवस आधी काढलेल्या विमानाच्या तिकिटाचे पैसे कोणाला परवडतात, हेही लिहावे.

तीन वेळा गेलेला:
आपण दोघेही चुकीच्या टप्प्यावर भांडत आहात. खरी लूट तंगमर्गपासूनच्या शेवटच्या तेरा किलोमीटरांत आहे. श्रीनगरहून गुलमर्गपर्यंतचे पूर्ण भाडे ठरवून आम्ही चौघे निघालो, तर बर्फामुळे गाडी तंगमर्गला अडवली गेली आणि साखळ्या लावलेली दुसरी गाडी करावी लागली. पुण्याहून कसेही या, पैसे तेथेच जातात.

झेलमकाठी:
‘लूट’ या शब्दाला माझा तीव्र आक्षेप आहे. नोकरीनिमित्त मी चार वर्षे श्रीनगरला राहिले. एका सकाळी तंगमर्गला आमचा चालक गोणपाट पसरून चिखलमिश्रित बर्फावर आडवा झाला आणि मागच्या चाकाभोवती साखळी ओढू लागला. हातमोज्यांनी आकडा अडकेना, म्हणून त्याने ते दातांनी काढले; दुसरे चाक होईपर्यंत त्याची बोटे जांभळी पडली होती. त्यानंतर वरच्या वळणावर साखळ्यांविना चढलेली एक मोटार आडवी घसरलेली आम्ही पाहिली. आत लहान मूल होते. पर्यटकांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या त्या माणसाला आपण लुटारू म्हणता?

तीन वेळा गेलेला:
मी चालकाला लुटारू म्हटलेले नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका. साखळ्या हव्यातच. पण बर्फ असेल तर गाडी बदलावी लागेल, हे श्रीनगरलाच सांगायला काय हरकत होती? कुडकुडणाऱ्या आईला घेऊन रस्त्याच्या कडेला घासाघीस करण्याची वेळ आपल्यावर आली असती, तर आपणही हेच लिहिले असते.

झेलमकाठी:
आधी सांगायला हवे होते, एवढे मान्य. पण आपणही निघताना दोन्ही टप्प्यांचे भाडे वेगवेगळे विचारायला हवे होते. तेथे राहणारे आम्ही सगळे तसेच करत असू.

रूळप्रेमी:
मूळ प्रश्नाकडे येऊ या. गुलमर्गला स्की आणि बूट भाड्याने मिळतात, त्यामुळे सामानाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. नऊच दिवसांच्या रजेत झेलम बसत नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु दिल्लीपर्यंत विमान आणि तेथून रात्रीच्या रेल्वेने कटरा, याचा विचारही न करता आपण रेल्वे बाद ठरवलीत, हे मला पटलेले नाही.

हिमवेडी:
त्याचा विचार मी केला नव्हता, हे खरे. आरक्षणाची अडचण मात्र तेथेही सुटत नाही. त्यामुळे जाताना मी विमानानेच जाईन. परतीसाठी कटऱ्याहून दिल्लीचे तिकीट साठ दिवस आधी काढून ठेवीन. बर्फ पडलाच नाही, तर ते रद्द करताना होणारी कपात सोसेन. तंगमर्गचे भाडे श्रीनगरलाच वेगळे विचारीन.