दुकान बंद होतंय? इंजिनं राहू द्या, आधी सुटे भाग उचला

लिव्हरपूलमध्ये 1946 साली सुरू झालेलं मॉडेल रेल्वेचं दुकान हॅटन्स 2024 मध्ये बंद झालं. तेव्हापासून 'असं दुकान गुंडाळलं जात असताना सेलमधून काय घ्यावं' हा प्रश्न हौशी लोकांत फिरतोय. बहुतेकजण इंजिनं सुचवतात. मी उलटं म्हणेन. इंजिन सेकंड-हँडही मिळतं. गाडं अडतं ते मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश, डबे जोडणारं कपलिंग, रूळ जोडणारी फिशप्लेट आणि चाकांचे रबरी टायर यांवाचून. टायर मात्र मोजकेच घ्या. पडून पडून रबर कडक होतं आणि मग चढावर चाकं जागच्या जागी फिरतात.

रूळ घेताना कोड, म्हणजे रुळाच्या उंचीचा आकडा, बघा. कोड 100 ची उंची 2.54 मिमी, कोड 75 ची 1.9. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन्हींचा 16.5 मिमीच, त्यामुळे एकाच खोक्यात मिसळले की चटकन कळत नाहीत. दोन वेगळ्या कोडचे रूळ साध्या फिशप्लेटने जोडले तर सांध्यात पायरी राहते आणि डबा नेमका तिथेच रुळावरून घसरतो.

जुनं इंजिन घ्यायचंच असेल तर बॉडी काढून चासी (खालचा धातूचा सांगाडा) उजेडात धरा. केसाएवढ्या चिरा किंवा मधोमध बाक दिसला तर सोडून द्या. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू फुगत जातो, त्यावर इलाज नाही. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, करणार असाल तर इंजिनातलं सॉकेट 8 पिनांचं की 21, ते बघूनच डीकोडर (त्याचे संदेश वाचून मोटर चालवणारी चकती) घ्या. आणि चाचणी दोन्ही दिशांना, अगदी हळू वेगात मागा. सुसाट तर सगळीच धावतात.